ब्रह्मा घाटावरील पाचव्या शागिर्दाचा करीना

"मारा मत, लल्ला, मनावा."

मारू नको लेकरा, मनधरणी कर, ऐसा आवाज साठ वर्षांमागे काशीपुऱ्यात एका काळवंडल्या दुकानी उठला, तो नऊ वर्षांच्या एका पोराचे कानी पडला, आणि मग पोराचा बाप्या जाहला, बाप्याचा म्हातारा जाहला, दात बहुतेक गेले, एक कान गेला, परंतु तो आवाज गेला नाही. हातोडी उचलावी तो आवाज खांद्यावर येऊन बसावा, आणि हातोडी उतरावी ती पाखरू फांदीवर उतरल्यागत उतरावी. तो आवाज छेदी कसेऱ्याचा, म्हणजे काशीकडील हिंदुस्थानी तांबटाचा. हे राजश्री नरहर विष्णु, आम लोकांत नरहर तांबट, यांस ठाऊक. त्यांचे कुटुंब बकुळाबाई यांस ठाऊक. तिसऱ्या माणसास ठाऊक नव्हते. वाचणारांस आरंभीच सांगोन टाकितो, कारण पुढील सारा कारभार या न सांगितल्या गोष्टीभोवतीच फिरला आहे.

विश्वेश्वर आणि गंगामाई यांचे चरणी मस्तक ठेवोन, शके १९०७ क्रोधननाम संवत्सरी, आश्विनापासोन माघापावेतो, क्षेत्र वाराणशी, ब्रह्मा घाटी, दक्षिणी, म्हणजे मराठी, मंडळींचे वस्तीत, तांबटकामाची विद्या तगावी आणि तरुण शागिर्द तयार व्हावे याकारणे जी मोहीम जाहली, जे मोर्चे लागले, जे खलिते गेले आणि जे चहा जाहले, त्याचा करीना जैसा घडला तैसा लिहितो. पदरचे अक्षर घालीत नाही. कोठे घातले असल्यास ते शोभेसाठी आहे ऐसे समजावे.

मोहिमेचे मूळ ऐसे. नरहररायांचे तीर्थरूप विष्णुपंत हे भोसले घाटी अन्नछत्रात पाणक्याचे चाकरीस होते. एके दिवशी बापाचे डोईवरील तांब्याची घागर पोराने हौसेने आपुले डोईवर घेतली, आणि घागर घाटाच्या एकोणीस पायऱ्या एकेक मोजीत गंगेपर्यंत गेली, आणि मग ती पोचे पडलेली घागर हाती देऊन पोरास काशीपुऱ्यात कसेऱ्याकडे पिटाळले. घागर दुसरे दिवशी परत आली. पोरगा अकरा वर्षांनी परत आला. या अकरा वर्षांत छेदी उस्तादांनी त्यास पत्र्यास ताव कैसा द्यावा, पोट कैसे खोलवावे, सांधा कैसा बुजवावा, आणि अखेरीस मठार, म्हणजे घडल्या भांड्याचे अंगावर हातोडीचे ठोके ओळीने टिंबटिंब कैसे बसवावे, हे सर्व दिले, आणि बदल्यात एक सुपारी घेतली नाही. मग नरहररायांनी ब्रह्मा घाटी दुकान मांडले, दक्षिणी घरांतून ताम्हणे, पळ्या, पंचपात्र्या, लग्नाच्या घागरी यांचा ओघ लागला, लोक तांबट म्हणू लागले, आणि आपुल्या गल्लीत जे चांगले आहे ते दक्षिणेहूनच आले असले पाहिजे ऐसी वस्तीची श्रद्धा असल्यामुळे दहा वर्षांत राजश्री खानदानी तांबट होऊन बसले. त्यांनी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. आधी सांगण्याचे कारण पडले नाही, मग सांगण्याची लाज वाटली, मग सांगण्याचे वय गेले.

पुढे काळ पालटला. घरोघर नळ आले, स्टीलची पिंपे आली, प्लास्टिकच्या लाल बालद्यांनी भर दिवसा न्हाणीघरांत ठाणी बसविली, आणि तांब्याची घागर माळ्यावर जाऊन उपडी निजली. नरहररायांचे चिरंजीव भोपाळास वीजमंडळात रुजू जाहले, ते हातोडी घरात खिळा ठोकण्यापुरती ओळखीत. राजश्रींचे वय अडुसष्ट, अंगकाठी वाळल्या वेलागत, आणि दोन्ही हातांत जी विद्या होती ती हातांबरोबरच जाणार, हे त्यांस रोज सकाळी भट्टी पेटविताना कळे.

ऐसे असतां ब्रह्मा घाट दक्षिणी समाज या संस्थानाचे अध्यक्ष श्रीमंत वासुदेवराव, निवृत्त स्टेशनमास्तर, यांचे कानी वर्तमान आले कीं, सरकारचे हस्तकला खाते लोप पावत्या कारागिरीस आश्रय देणार. उस्ताद एक, शागिर्द पाच, मुदत चार मास. मग खात्याचे साहेब जातीने येऊन शागिर्दांचे काम पाहणार, पसंत पडले तर पाच वर्षे पत्रा, कोळसा आणि शागिर्दांस विद्यावेतन, न पडले तर रामराम. वर्तमान ऐकताच श्रीमंतांचे अंगी वीरश्री संचरली. सुटत्या गाडीस निशाण दाखवावे तैसा हात वर करोन त्यांणी हुकूम केला कीं, सभागृहाखालील कोठी, जेथे लग्नाच्या पातेल्यांचा सरंजाम असे, ती रिकामी करोन तेथे तांबटशाळा भरवावी, आणि चिटणीस बिंदुमाधवशास्त्री यांणी आजचे आज अर्ज लिहावा.

शास्त्रीबोवा वेदविद्येत पारंगत, अक्षर मोत्याचे, आणि लिहू लागले म्हणजे कागद संपेपावेतो न थांबणारे. अर्जात गुरूचे नाव एवढाच रकाना होता. परंतु उस्तादांची परंपरा आदिपुरुषापासोन लिहिल्यावाचून अर्जास भारदस्तपणा येणार नाही ऐसे शास्त्रीबोवांस वाटले. खात्यास वाटले नव्हते. मग ते कागद घेऊन राजश्रींचे दुकानी आले, तो प्रहर पानाचा. मघई पानाचे दोन विडे राजश्रींचे गालात नुकतेच विसावले होते. आणि काशीत पान चावीत नाहीत, पान विरघळू देतात, आणि ते विरघळते आहे तोवर ब्रह्मदेव दारी ठाकला तरी माणूस मान वर करोन हूं म्हणतो, याहून अधिक बोलोन पानाचा अपमान करीत नाही. शास्त्रीबोवांचे घरी तीन पिढ्या पान वर्ज्य, म्हणोन काशीत जन्म काढूनही हा दस्तूर त्यांस ठाऊक नव्हता.

"आपले मूळपुरुष पेशव्यांबरोबर आले ना?"

"हूं."

"तोफखान्यात? तोफा ओतायला?"

"हूं?"

"पानिपताच्या आधी की नंतर?"

"हूं हूं."

"आधी," म्हणोन शास्त्रीबोवांनी लिहिले, आणि पान विरघळोन राजश्रींस वाचा फुटली तोवर ते गल्लीचे दुसऱ्या वळणापलीकडे पोहोचले होते. येणेप्रमाणे तीन हुंकारांवर सात पिढ्यांचा वंशवृक्ष उभा राहिला. तो हिरव्या शाईने काढोन, चौकटीत घालोन, कोठीचे भिंतीवर टांगला गेला, आणि त्याचे बुंध्याशी एक तोफही काढली गेली.

बकुळाबाई दुपारचा डबा घेऊन आल्या, त्यांणी तो वृक्ष मुळापासोन शेंड्यापर्यंत पाहिला.

"आता भिंतीवर पण टांगलंत?"

"मी काय बोललो?"

"तेच ना. काही बोललाच नाहीत." आणि डबा आपटून ठेविला.

वंशवृक्षास पुढे फळ ऐसे आले कीं, समाजाचे सभेत ठराव जाहला. विद्या ज्याअर्थी पेशव्यांचे तोफखान्यातील, त्याअर्थी ती आपुली. ती आपुल्याच लेकरांस द्यावी. पाचही शागिर्द दक्षिणी घरचेच घ्यावे. बाहेर फुटो देऊ नये. ठराव टाळ्यांचे गजरात मंजूर जाहला. नरहरराय कोपऱ्यात बसले होते, त्यांणी टाळी वाजविली नाही. परंतु चहाचा पेला हाती असल्याकारणे ही गोष्ट कोणाचे ध्यानी आली नाही.

मग विजयादशमीचे मुहूर्ती सीमोल्लंघन जाहले. आघाडीस खासा श्रीमंत, हाती छत्री. बगलेस शास्त्रीबोवा, हाती यादी. पिछाडीस नरहरराय, हाती वानगीदाखल घेतलेले एक ताम्हण. पहिला मोर्चा बालाजी घाटी लागला. तेथील पहिल्याच घरी माउलीने दार अर्धे उघडोन तोंड दिले.

"बँकेच्या परीक्षेला बसलाय हो आमचा. आणि तांबे ठोकत बसला तर मुलगी कोण देणार त्याला? तुम्ही द्याल, वासुदेवराव?"

श्रीमंतांस कन्या दोन होत्या, म्हणोन त्यांणी तेथोन मोर्चा तातडीने उठविला. दुसरे घरी मुलगा कोचिंगास, तिसरे घरी मुलगा क्रिकेटास, चवथे घरी मुलगा नव्हताच, परंतु पोहे होते, म्हणोन तेथे मुक्काम पडला. तीन दिवसांत सत्तावीस घरे पायांखाली घातली, चिवड्याचे अकरा हल्ले परतविले, आणि चार शागिर्द हस्तगत जाहले: एक विद्यावेतनाचे आशेने आला, एकास आईने कॅरम सुटावा म्हणोन पाठविले, एक कॅरमवाल्याचा जोडीदार म्हणोन मागोमाग आला, आणि चवथा हस्तगत केला गेला तेव्हा झोपेत होता. पाचवा मिळेना. दिवाळी गेली, पंचगंगेवर आकाशदिवे लागले आणि उतरले, तरी पाचवी जागा ओस.

कार्तिकी पुनवेचे दुसरे दिवशी एक वीस वर्षांचा गडी आपुल्या पायांनी कोठीत आला आणि उंबऱ्यावर न अडखळता सरळ भट्टीपाशी जाऊन उभा ठाकला.

"उस्ताद, हमको सीखना है."

शास्त्रीबोवा हजिरी घेत होते. "नाम?"

"बिसेसर."

शास्त्रीबोवांनी शुद्ध करोन विश्वेश्वर लिहिले. "आडनाव?"

"कसेरा. काशीपुरा."

लेखणी थबकली. श्रीमंतांस बोलावणे गेले, मसलत बसली. ठराव मोडावा तरी पंचाईत, जागा ओस ठेवावी तरी खाते अर्ज फेटाळणार. मग श्रीमंतांनी मुत्सद्देगिरीने मार्ग काढिला कीं, यास हंगामी घ्यावे, खरा पाचवा मिळेपावेतो, आणि त्याचे नाव यादीत पेन्सिलीने लिहावे.

नरहररायांनी गड्याचे हाती हातोडी दिली आणि पुढे एक जुने ताम्हण ठेविले. बिसेसरने ठोका घातला: दोन हलके, एक भारी, मग श्वासाएवढी उसंत, दोन हलके, एक भारी, मग श्वासाएवढी उसंत. दूर जत्रेत पाठमोऱ्या माणसाची चाल पाहोन हा आपुलाच ऐसे ओळखावे, तैसे राजश्रींनी ओळखिले. त्यांणी भट्टीत उगाच कोळसे सारखे केले.

"किसके घर का है?"

"छेदी कसेरा का पोता. अब तो हमारे चाचा लोग स्टील बेचते हैं. दादा के गोद में बैठके थोड़ा-बहुत सीखे थे, फिर दादा चले गए." आणि हातोडी न थांबविता पुढे म्हणाला, "दादा कहते थे, एक दक्खिनी लड़का सीखता था उनके पास. सबसे अच्छा हाथ उसी का था. फिर उसने दुकान खोल ली, आया नहीं."

"नाम नहीं बताया?"

"नहीं. बोले, उसको बताना होगा तो खुद बताएगा."

राजश्रींनी कोळसे पुन्हा सारखे केले. ते मघाच सारखे झाले होते.

मग तांबटशाळेचे कामास खरा आरंभ जाहला. पत्रा भट्टीत जाई, आधी मोरपिशी होई, मग जांभळा, मग डाळिंबाचे दाण्यागत लाल, आणि चिमट्याने उचलोन पाण्यात बुडविला की फुसकारून शांत होई, आणि वर येई तो नव्या नवरीचे तळपायासारखा गुलाबी. ऐसे तांबे मऊ असते, सांगावे ते ऐकते. मग ठोके खाता खाता ते कठीण होते, आवाज टणका होतो, आणि तेव्हाही जो ठोकीत राहतो त्याचे भांडे तडकते. म्हणोन आवाज बदलला की हात थांबवावा आणि पुन्हा ताव द्यावा. दक्षिणी चौघांचे हात थांबत ते आवाज बदलण्याआधीच, चहासाठी. पौषापर्यंत दोन पत्रे फाटले, अंगठे सहा चेचले, आणि झोपेत हस्तगत झालेल्याने एक पळी ऐसी घडविली की तिने पाणी घेतले तर ते कोपरापर्यंत येई. तरीही कॅरमवाल्याचे बोटांत नेम होता, हे राजश्रींनी हेरिले आणि त्यास मठारास बसविले, आणि एके दुपारी त्याची ओळ सरळ आली तेव्हा चौघेही पोरे इतकी ओरडली की वरील सभागृहातोन गीतापाठ थांबवोन विचारणा आली.

बिसेसर मात्र घागर घडवीत होता. तीन पत्र्यांची, मान निराळी, पोट निराळे, बूड निराळे, मग सांधे ऐसे बुजविलेले की बोटाने धुंडाळावे तरी न सापडावे. या विद्येचा एक कायदा आहे तो येथे लिहिला पाहिजे. मठाराचा फेरा, म्हणजे भांड्याचे पोटाभोवती ठोक्यांची एक पूर्ण ओळ, एकदा धरला म्हणजे पुरा झाल्यावाचून मोडीत नाहीत. लग्नातली फेरी अर्ध्यात सोडीत नाहीत तैसे. मध्ये उठले तर हाताचा भार बदलतो, आणि जेथे उठले ती जागा भांड्याचे अंगावर जन्मभर दिसते. फेरा धरलेल्या माणसास हाक मारू नये, पाणी विचारू नये, घरास आग लागली तर हळू आवाजात सांगावे.

रोज संध्याकाळी हत्यारे पुसताना नरहररायांचे ओठ उघडत, की आता सांगावे, बाळा, तो दक्खिनी मी. आणि रोज भिंतीवरील वंशवृक्ष दिसे, आणि त्याखालील तोफ दिसे, आणि मनी येई कीं, हे उघड झाले तर समाज कोठी काढून घेईल, अर्ज खोटा ठरेल, आणि शाळाच गेली तर या पोरास शिकवू कोठे? हे कारण खरे होते. इतके खरे होते की त्याआड बसता येई.

ऐसे चालले असतां माघ उजाडला, साहेबांची स्वारी पंचमीस येणार ऐसा खलिता आला, आणि त्याच आठवड्यात श्रीमंतांचे भाचे गोपीनाथ हे नागपुराहोन काशीयात्रेस म्हणोन दाखल जाहले. वय बावीस, पदवी अडली होती, स्वभावाने गरीब. श्रीमंतांस हर्षाचे भरते आले. पाचवा मिळाला! लगोलग हुकूम सुटला कीं, यादीतील पेन्सिलीचे नाव खोडोन तेथे गोपीनाथाचे नाव शाईने घालावे, आणि विश्वेश्वरास पंचमीचे सकाळी, साहेब येण्याआधी, निरोप द्यावा. घागर मात्र ठेवून घ्यावी, ती दाखवावयास उत्तम आहे.

हुकूम ऐकोन नरहरराय घरी जेवावयास आले आणि भात तसाच ठेविला.

"बोला की मग," बकुळाबाई म्हणाल्या.

"काय बोलू? शाळा जाईल."

"पोरगा गेल्यावर शाळेत उरेल काय? ते कॅरमवाले? ते चार महिन्यांत बँकेत जातील. हा उठला की तुमचं सगळं उठलं. पन्नास वर्षं मी गप्प बसले, कारण तुमचं तुम्ही सांगायचं होतं. आता म्हातारे झालात, तरी तोंड उघडेना?"

"उघडतो."

"भातासाठी उघडा आधी."

माघ शुद्ध पंचमी, वसंत पंचमी. सभागृहात सतरंज्या, झेंडूची तोरणे, सरस्वतीची तसबीर, आणि व्यासपीठावर जरीचे कापडाखाली नरहररायांस द्यावयाचे मानचिन्ह. समाजाने मोठ्या विचाराअंती तांब्याचे उस्तादांस भेट म्हणोन स्टीलची घागर आणविली होती, चकचकीत, वर नाव कोरलेले. खाली कोठीत बिसेसर पहाटेपासोन बसला होता. घागर पुरी झाली होती, शेवटचा फेरा राहिला होता, तो त्याने धरिला.

श्रीमंत जिना उतरोन आले. "विश्वेश्वर, अब उठो. जगह खाली करनी है."

दोन हलके, एक भारी. "फेरा चल रहा है, बाबूजी."

श्रीमंतांनी उस्तादांकडे पाहिले. "नरहरराव, सांगा त्याला."

"फेरा मोडत नाहीत."

"अहो, साहेब यायचेत! किती वेळ लागेल?"

"घागरीला विचारा," राजश्री म्हणाले, आणि स्वतःच्याच धिटाईने दचकले.

इतक्यात गल्लीतोन ओरडा जाहला कीं, साहेब आले. सरकारी माणूस वेळेआधी येणे हे कोणत्याच शास्त्रात नसल्यामुळे फौजेत एकच धांदल उडाली. गोपीनाथास एका ताम्हणापुढे बसवोन हाती हातोडी देण्यात आली, बिसेसर तसाच राहिला, आणि सर्व मंडळी साहेबांस वर घेऊन गेली. साहेबांचे नाव मिसिरजी. बुटके, चष्मिष्ट, जन्म भांडी पाहण्यात गेलेला. हार जाहला, सरस्वतीस गंध जाहले, आणि श्रीमंत भाषणास उभे राहिले.

"पेशवाओं की तोपों का जो नाद इस घाट पर..."

ठक ठक, ठाण्.

"...जो नाद इस घाट पर गूँजा था, उसी परंपरा के..."

ठक ठक, ठाण्.

श्रीमंतांनी खाकरोन शास्त्रीबोवांकडे पाहिले, शास्त्रीबोवांनी नरहररायांकडे, नरहररायांनी तक्तपोशीकडे. जमिनीखालोन ठोके येत राहिले, न चुकता, न घाई करता. मिसिरजींनी चष्मा काढिला, डोळे मिटले आणि मान डोलाविली. श्रीमंतांस वाटले भाषणास दाद मिळते आहे, म्हणोन त्यांणी पानिपत आरंभिले. तो साहेब उठलेच.

"ये नीचे कौन बजा रहा है?" आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरो लागले. अध्यक्ष पानिपतात, श्रोते जिन्यात, ऐसी सभेची दशा जाहली.

कोठीत आधी दाराशी गोपीनाथ लागले. साहेबांनी त्यांस दोन ठोके मारून दाखवा म्हटले. गोपीनाथांनी हातोडीकडे पाहिले, मामांकडे पाहिले.

"मामा, खोटं कशाला? सर, मैं तो परसों आया हूँ. काशी देखने."

फौजेची डावी बगल येणेप्रमाणे कोसळली. मग साहेब घागरीपाशी जाऊन उभे राहिले. बिसेसरने फेरा पुरा केला, शेवटचा ठोका पहिल्या ठोक्याशेजारी बसला, आणि तेव्हा कुठे त्याने मान वर केली. साहेबांनी घागर मांडीवर घेतली, अंगठा ओळीवरोन फिरविला, एकवार, दुसऱ्यांदा, फेरा कोठे सुरू झाला ते धुंडाळीत. सापडेना. घागर खाली ठेवोन त्यांणी अर्ज मागविला, आणि अर्जातील एका रकान्यावर बोट ठेविले.

"गुरु का नाम. यहाँ लिखा है, पेशवेकालीन. ये कोई आदमी थे?"

चार शागिर्द फिस्सकन हसले. शास्त्रीबोवा भिंतीवरील वंशवृक्ष दाखवू लागले.

"ये पेड़ तो हमने माँगा ही नहीं था, शास्त्रीजी. बस एक नाम चाहिए." आणि मग नरहररायांकडे वळोन, "उस्ताद, ये हाथ कहाँ का है? आपने किससे सीखा?"

कोठी भरली होती. दारात बकुळाबाई उभ्या होत्या. बिसेसर हातोडी पुसत होता, त्याने मान वर केली नाही, परंतु पुसणे थांबले. श्रीमंत डोळ्यांनी खूण करीत होते की, दक्षिण म्हणा, काहीतरी दक्षिणेचे म्हणा. राजश्रींनी दोन्ही हात भट्टीचे कठड्यावर ठेविले, आणि मग ते बोलले. साहेबांनी हिंदीत पुसले, परंतु राजश्री आपुल्या मंडळींकडे तोंड करोन मराठीत बोलले, कारण न सांगणे मराठीत जाहले होते.

त्या बोलण्याने जी फत्ते जाहली ती आधी रीतसर नमूद करितो. मिसिरजींनी जागचे जागी अर्ज मंजूर करोन पाच वर्षांचा पत्रा, कोळसा आणि विद्यावेतन बहाल केले, आणि गुरूचे रकान्यात स्वहस्ते नाव घातले. समाजाची तातडीची सभा जिन्यावरच भरली. श्रीमंत वासुदेवराव बराच वेळ पायरीवर बसले, मग उठोन त्यांणी दक्षिणी घरांचा ठराव रद्द करण्याचा ठराव स्वतः मांडिला, आवाज किंचित बसला होता, आणि पुढे ऐसे म्हटले कीं, गुरूचा नातू म्हणजे या भट्टीवर त्याचा हक्क आपणां सर्वांआधी. अनुमोदन शास्त्रीबोवांचे. पेन्सिलीचे नाव शाईने लिहिले, बिसेसर ऐसेच, शुद्ध न करिता. वंशवृक्ष उतरविला; खिळा भक्कम होता, त्यावर कोळशाची चाळण टांगली. स्टीलची घागर गोपीनाथांस प्रवासास दिली, ते तीतोन पाणी पीत नागपुरास गेले. आपुलेकडील जखमी: अंगठे सहा. कामी आले: पत्रे दोन, पूर्वज सात पिढ्या, तोफ एक. मिती माघ शुद्ध पंचमी, दोन प्रहरी, ब्रह्मा घाटी तांबटशाळा कायम जाहली, शागिर्द पाच, येणेप्रमाणे दफ्तरी दाखल.

राहिले ते बोल. ते फत्तेचे यादीत बसेनात, म्हणोन निराळे, राजश्रींचे तोंडचे, जैसेच्या तैसे उतरोन ठेवितो:

"छेदी कसेरा. काशीपुऱ्यातले. लिहा, शास्त्रीबोवा, मी आज सांगतोय तर लिहा. आमच्या घरात तांबट कधीच कोणी नव्हतं. वडील छत्रात पाणी भरायचे. ह्या हाताला जे काय येतं ते त्या माणसानं दिलं, अकरा वर्षं, आपल्या ताटातलं जेवू घालून. आणि दुकान मांडल्यावर मी त्यांच्या दारात गेलो नाही. तुम्ही लोक काय म्हणाल म्हणून. हा बिसेसर त्यांचा नातू. बेटा, ते गेले तेव्हा चौकापासून मणिकर्णिकेपर्यंत मी तुमच्या मागून चालत होतो. सगळ्यांत शेवटी. खांदा द्यायला पुढं झालो नाही."